घोड्यांच्या आहारांतील ‘ई’ जीवनसत्त्व : निवड आणि खर्च

घोडा पाळणाऱ्या मनुष्याला दोन गोष्टींचा अभिमान असतो. आपलें जनावर तेजदार दिसतें हा एक, आणि त्याच्या चंदीवैरणींत आपण कधीं हात आंखडला नाहीं हा दुसरा. परंतु कधीं कधीं असें घडतें कीं, तोबरा वेळच्या वेळीं भरला जातो, घोडा तो चाटून पुसून रिकामाहि करतो, आणि तरीहि त्याचें मांस दिवसेंदिवस झडत जातें. उभा असतां त्याचे पाय थरथरतात. अंगाचा भार तो एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा बदलीत असतो. चारी पाय पोटाखालीं एकत्र ओढून आणि मान खालीं टाकून तो उभा राहतो. आणि एरव्हीं क्वचितच बसणारें जनावर वारंवार आडवें होऊं लागतें. मालक दांत पाहतो, जंतांचें औषध देतो, चंदी वाढवितो. पण कशाचाहि उपयोग होत नाहीं. अशा वेळीं घोड्याला कमी पडत असतें तें बहुधा अन्न नव्हे, तर अन्नांतील एक सूक्ष्म द्रव्य. त्या द्रव्याचें नांव ‘ई’ जीवनसत्त्व.

या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठांत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप या दोघांनीं लावला. त्यांनीं शुद्ध केलेल्या ठराविक अन्नावर उंदीर पोसले. उंदीर दिसण्यांत निरोगी होते. परंतु माद्यांचे गर्भ पोटांतच जिरून जात. अन्नांत हिरव्या कोवळ्या पानांची भर घालतांच त्यांना पिलें होऊं लागलीं. पुढें १९३६ सालीं गव्हाच्या अंकुराच्या तेलांतून हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि प्रसव व धारण या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला ‘टोकोफेरॉल’ असें नांव मिळालें. १९३८ सालीं पॉल कारर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार केलें. घोड्याच्या मालकाला आज दुकानांत जी निवड करावी लागते, तिचें मूळ या शेवटच्या घटनेंत आहे.

हें द्रव्य शरीरांत काय करतें, तें एका घरगुती उदाहरणानें समजेल. उघडें ठेवलेलें तेल कांहीं दिवसांनीं खवट होतें, कारण हवेंतील प्राणवायूचा स्निग्धांशावर परिणाम होतो. शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध पदार्थांचें एक अतिशय पातळ आवरण असतें, आणि श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू तेथेंहि तोच उपद्रव करूं पाहतो. ‘ई’ जीवनसत्त्व या आवरणांत राहून हा खवटपणा थांबवितें. मज्जातंतू आणि स्नायू यांना या संरक्षणाची विशेष गरज असते. घोड्यासारख्या सतत उभ्या राहणाऱ्या आणि धांवणाऱ्या जनावराच्या बाबतींत तर हे दोन्ही अवयव म्हणजे त्याचें सर्वस्वच होय.

घोड्याच्या शरीराला हें द्रव्य स्वतः तयार करतां येत नाहीं. तें त्याला मिळतें हिरव्या गवतांतून. गवत कापून उन्हांत वाळविलें कीं त्यांतील ‘ई’ जीवनसत्त्व झपाट्यानें घटूं लागतें, आणि गंजींत पडून राहिलेल्या गवतांतून तें महिन्यामहिन्यानें आणखी नाहींसें होतें. वाळल्या गवताचें पोषण इतर बाबतींत चांगलें असेल, त्याचा वासहि गोड येत असेल, पण या एका बाबतींत तें रितें असतें. हरभरा, ओट, जव, कोंडा या चंदीच्या जिनसांनींहि ही उणीव पुरेशी भरून निघत नाहीं.

महाराष्ट्राच्या हवामानांत या गोष्टीला मोठें महत्त्व आहे. पावसाळ्याचे चार महिने डोंगरमाळ हिरवे असतात. दिवाळीनंतर ते पिवळे पडतात, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत जनावर वाळल्या वैरणीवरच असतें. निसर्गानें यावर एक तोड करून ठेविली आहे. हें जीवनसत्त्व चरबींत आणि यकृतांत सांठून राहतें. पावसाळाभर मोकळें चरलेलें घोडें ही शिल्लक कांहीं महिने वापरूं शकतें. खरा धोका आहे तो ज्या घोड्याला पावसाळ्यांतहि कुरण दिसत नाहीं त्याला. पुण्यामुंबईच्या शर्यतींच्या तबेल्यांतील घोडे, माथेरानच्या तांबड्या वाटांवर प्रवासी वाहणारीं तट्टें, आणि शहरांतील एखाद्या गल्लींत बांधलेलें वरातीचें घोडें, हीं तिन्ही जनावरें किंमतीनें परस्परांपासून कितीहि दूर असलीं तरी बाराहि महिने कोरड्या वैरणीवर राहिल्यास त्यांच्यापुढील संकट एकच असतें.

या संकटाचीं तीन रूपें पशुवैद्यकांत प्रसिद्ध आहेत. पहिलें वर वर्णिलेलें. १९९० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं तें प्रथम शास्त्रीय रीतीनें नोंदविलें. त्यांत पाठीच्या कण्यांतील, स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशीच मरत जातात. बहुतेक रोगी घोडे वर्ष-दीडवर्ष अथवा त्याहून अधिक काळ हिरव्या चाऱ्यावांचून राहिलेले आढळले. दुसरें रूप शिंगरांत दिसतें. ज्यांच्या वंशांत या रोगाचा कल असतो अशा शिंगरांना वयाच्या पहिल्या वर्षांत हें जीवनसत्त्व कमी पडल्यास त्यांची चाल बिघडते; पाऊल कोठें पडत आहे याचें भान त्यांना राहत नाहीं, आणि वळतांना मागचा भाग झोकांड्या खातो. हा दोष एकदां उत्पन्न झाला म्हणजे औषधानें बरा होत नाहीं. तिसरें रूप त्या मानानें सौम्य. त्यांत मज्जातंतू शाबूत असतात, पण स्नायू क्षीण होतात. आणि वेळीं उपाय केल्यास घोडा पूर्ववत् होऊं शकतो. या तिन्ही रूपांतून निघणारा बोध एकच आहे. मेलेली मज्जापेशी कितीहि पैसा ओतला तरी परत येत नाहीं. म्हणून येथें प्रतिबंधाला जें मोल आहे तें उपचाराला नाहीं. सारंगखेड्याच्या बाजारांतून तरणें जनावर घेणाऱ्यानेंहि त्याचा रंग आणि भोंवरे पाहण्यापूर्वीं त्याला लहान वर्तुळांत फिरवून त्याचें पाऊल पाहावें, हें यासाठींच.

आतां प्रमाणाचा विचार. या जीवनसत्त्वाचें मोजमाप आंतरराष्ट्रीय एककांत करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें, विश्रांत घोड्याला शरीराच्या दर किलोमागें रोज सुमारें १ एकक लागतें. मेहनत करणाऱ्या घोड्याला, दूध देणाऱ्या घोडीला आणि वाढत्या शिंगराला हें प्रमाण २ एककांपर्यंत जातें. म्हणजे ५०० किलो वजनाच्या शर्यतीच्या घोड्याला रोज १,००० एककें, आणि ३०० किलो वजनाच्या देशी तट्टाला ६०० एककें. यांत चाऱ्यांतून मिळणाराहि भाग आला. परंतु जुन्या वाळल्या वैरणीच्या बाबतींत तो भाग नसल्यासारखाच धरणें शहाणपणाचें. उलट बाजूनें, दर किलोस २० एककें ही वरची मर्यादा मानलेली आहे. ती ओलांडून दीर्घकाळ देत राहिल्यास रक्त गोठण्याच्या क्रियेंत आणि इतर स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वांच्या शोषणांत बिघाड होण्याचा संभव असतो.

घोड्याला उणीव आहे कीं नाहीं, हें त्याच्याकडे पाहून सांगतां येत नाहीं. रक्ताच्या तपासणीनें सांगतां येतें. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरांत २ मायक्रोग्रॅम किंवा अधिक टोकोफेरॉल असल्यास पुरवठा ठीक समजतात. दीड ते दोन ही सीमारेषा. आणि दीडच्या खालीं उणीव. मात्र नमुना काढण्यांत काळजी हवी. ऊन, उष्णता आणि नळीच्या रबरी बुचाशीं होणारा संपर्क यांमुळें आंकडा खोटाच कमी येतो. म्हणून नळी उभी ठेवून, अंधारांत आणि थंडाव्यांत ती प्रयोगशाळेकडे पोंचविली पाहिजे. या तपासणीला खर्च येतो हें खरें. पण ज्याला गरज नाहीं त्या घोड्याला वर्षभर डबे चारण्याचा खर्च त्याहून अधिक होतो, आणि ज्याला गरज आहे त्याला अपुरी मात्रा देत राहण्याचा खर्च तर सर्वांत अधिक.

बाजारांत गेल्यावर मालकापुढें तीन प्रकार येतात. पहिला प्रकार कृत्रिम. त्याच्या वेष्टनावर ‘डीएल-अल्फा’ हीं अक्षरें असतात. कारखान्यांत हें द्रव्य बनवितांना त्याचे आठ निरनिराळ्या घडणीचे कण सारख्या प्रमाणांत निर्माण होतात. त्यांपैकीं केवळ एकाची घडण निसर्गांतील कणासारखी असते. डाव्या पायांत उजवा जोडा घालण्याचा प्रयत्न व्हावा, तशी बाकीच्यांची अवस्था होते. यकृत नैसर्गिक घडणीचा कण निवडून रक्तांत पाठवितें आणि न जुळणाऱ्या कणांचा मोठा भाग बाहेर टाकून देतें. दुसरा प्रकार नैसर्गिक, पण चूर्णरूप. त्यावर नुसतें ‘डी-अल्फा’ असें लिहिलेलें असतें, आणि पुढें ‘ॲसिटेट’ हा शब्द असतो. ॲसिटेटची जोड दिल्यामुळें द्रव्य टिकाऊ होतें. आंतड्यांत ती जोड सुटली म्हणजे तें शोषलें जातें. तिसरा प्रकार नैसर्गिक आणि पाण्यांत मिसळेल असा द्रवरूप. तो सर्वांत महाग आणि सर्वांत जलद. चूर्णाला रक्तांतील प्रमाण चढवावयास कित्येक आठवडे लागतात. द्रवरूप औषध तें काम थोड्या दिवसांत करतें, आणि मेंदू व पाठीचा कणा यांभोंवतींच्या द्रवांतहि तें पोंचतें असें दिसून आलें आहे.

एककांच्या व्याख्येंत नैसर्गिक आणि कृत्रिम यांतील फरक अंशतः धरलेला आहे. कृत्रिम ॲसिटेटचा १ मिलिग्रॅम म्हणजे १ एकक. नैसर्गिक ॲसिटेटचा १ मिलिग्रॅम म्हणजे १.३६ एककें. घोड्यांच्या रक्तांतील प्रत्यक्ष फरक मात्र याहून अधिक आढळतो. म्हणून दोहोंची किंमत एककागणिक सारखी पडत असेल, तर नैसर्गिकच घ्यावें. चंदीच्या तयार पिशव्यांवर ‘मिश्र टोकोफेरॉल’ असा उल्लेख असल्यास तो हिशेबांत धरूं नये. तीं बहुधा पिशवींतील तेल खवट होऊं नये म्हणून घातलेलीं असतात, घोड्यासाठीं नव्हे.

कांहीं मालक स्वस्त उपाय म्हणून चंदींत गोडें तेल ओततात. तेलांत ‘ई’ जीवनसत्त्व असतें ही समजूत खोटी नाहीं, पण हिशेब केल्यावर ती टिकत नाहीं. तट्टाच्या ६०० एककांसाठीं नैसर्गिक टोकोफेरॉल सुमारें ४०० मिलिग्रॅम लागतें. सूर्यफुलाच्या १०० ग्रॅम तेलांत तें सुमारें ४० मिलिग्रॅम असतें. म्हणजे त्या जनावराला रोज एक किलो तेल पाजावें लागेल! सोयाबीनच्या तेलांत उपयोगी असा अल्फा प्रकार आणखी कमी असल्यानें तेथें कित्येक किलो लागतील. शिवाय तेल जितकें अधिक, तितका तें खवट होऊं न देण्यासाठीं या जीवनसत्त्वाचा खपहि अधिक. म्हणून वजन वाढविण्याकरितां तेल देणाऱ्यानें दर मिलिलिटर तेलामागें सुमारें एक ते दीड एकक ‘ई’ जीवनसत्त्व वेगळें वाढविलें पाहिजे. जो उपाय म्हणून योजिला, तोच येथें नवी गरज उत्पन्न करतो.

दुसरी आणि अधिक भयंकर चूक सेलेनियम या मूलद्रव्याच्या बाबतींत होते. तेंहि पेशींच्या रक्षणाचें काम करतें, आणि म्हणून पुष्कळ डब्यांत दोन्हींची सांगड घातलेली असते. परंतु ‘ई’ जीवनसत्त्वाची सुरक्षित मर्यादा विस्तीर्ण आहे. सेलेनियमची अत्यंत अरुंद. ५०० किलोच्या घोड्याला सेलेनियम रोज सुमारें १ मिलिग्रॅम पुरतें. समजा, एका डब्याच्या एका मापांत १,००० एककें ‘ई’ आणि २ मिलिग्रॅम सेलेनियम आहे. उणीव भरून काढण्यासाठीं ५,००० एककें द्यावयाचीं म्हणून मालकानें पांच मापें घातलीं, तर त्याबरोबर १० मिलिग्रॅम सेलेनियम पोटांत जातें. असें दीर्घकाळ चालल्यास आयाळ आणि शेपटीचे केंस गळतात, खुरांना आडव्या भेगा पडतात. एकाच वेळीं फार मोठी मात्रा गेल्यास मृत्यु ओढवतो. २००९ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत एका पोलो संघाचे २१ घोडे कांहीं तासांत मेले. त्यांना टोंचलेलें पोषक औषध बनवितांना सेलेनियमचें प्रमाण चुकलें होतें. म्हणून ज्याला केवळ ‘ई’ जीवनसत्त्व वाढवावयाचें आहे, त्यानें केवळ ‘ई’ जीवनसत्त्वच असलेला डबा घ्यावा. सेलेनियमचा निर्णय रक्ततपासणी पाहून पशुवैद्यावर सोंपवावा.

आतां पैशाची गोष्ट. डब्याची किंमत ही औषधाची किंमत नव्हे, हें सूत्र मालकानें ध्यानांत धरावें. हिशेबाची रीत दाखविण्यापुरतें एक कल्पित उदाहरण घेऊं. एका दुकानांत एक किलोचा डबा ६०० रुपयांस आहे आणि त्याच्या २० ग्रॅमच्या मापांत २०० एककें आहेत. डब्यांत अशीं ५० मापें, म्हणजे एकूण १०,००० एककें. हजार एककांना ६० रुपये पडले. शेजारीं अर्ध्या किलोची बाटली १,५०० रुपयांस आहे, आणि तिच्या ५ ग्रॅमच्या मापांत ५०० एककें आहेत. तिच्यांत १०० मापें, म्हणजे ५०,००० एककें. हजार एककांना ३० रुपये. तट्टाला रोज ६०० एककें देणाऱ्याला स्वस्त दिसणारा डबा दिवसाला ३६ रुपयांस पडतो आणि महाग दिसणारी बाटली १८ रुपयांस. महिन्याअखेर फरक ५४० रुपयांचा होतो. स्वस्त डब्यांतील बराचसा भाग कोंडा, साखर आणि सुगंध यांचा असतो, आणि मालक त्यालाच औषधाचे पैसे मोजीत असतो. माणसांच्या औषधालयांत मिळणाऱ्या गोळ्यांनाहि हीच कसोटी लावावी. त्या घोड्याला चालतात. परंतु त्या नैसर्गिक कीं कृत्रिम, आणि हजार एककांस काय पडतात, हें आधीं पाहावें, आणि घोडा त्या चंदींतून निवडून टाकीत नाहीं ना, याकडेहि लक्ष ठेवावें.

ज्याची ऐपत बेताची आहे त्यानें खर्चाचा क्रम असा लावावा. पहिला पैसा हिरव्या चाऱ्यावर. पावसाळ्यांत रोज कांहीं तास जनावर चरावयास सोडणें हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मोतद्दाराला लांब दोरी धरून हरळीच्या बांधावर घोडें चारतां येतें. पाटाच्या पाण्याखालीं होणारा लसूणघास इतर महिन्यांतहि मिळतो. मात्र तो सकाळीं कापून त्याच दिवशीं घालावा, ढीग करून गरम होऊं देऊं नये, आणि आरंभ थोड्यापासून करावा. एकदम पोटभर घातल्यास पोटशूळ उठतो. दुसरा पैसा रक्ततपासणीवर. तबेल्यांत घोडीं पुष्कळ असलीं तर एकाच वैरणीवरच्या दोनतीन जनावरांचे नमुने तपासल्यानें इतरांविषयीं अंदाज येतो, जरी प्रत्येकाचें शोषण सारखें नसतें. तिसरा पैसा गाभण घोडी आणि शिंगरें यांच्यावर. गर्भाला आईकडून हें द्रव्य फार थोडें मिळतें. तें मिळतें प्रसूतीनंतरच्या चिकांतून, आणि चिकांत तें असावें म्हणून घोडीला शेवटच्या महिन्यांत तें दिलें पाहिजे. चौथा पैसा कामाच्या, तबेल्यांत बांधलेल्या घोड्यांवर. कुरणावर चरणाऱ्या धट्ट्याकट्ट्या जनावरावर मात्र या बाबतींत एक पैहि घालण्याचें कारण सहसा पडत नाहीं.

ज्या घोड्यांत लक्षणें दिसूं लागलीं आहेत, त्यांच्या बाबतींत हा क्रम बदलतो. तेथें स्वस्त चूर्णावर आठवडे घालविणें म्हणजे राहिलेल्या मज्जापेशी गमावणें. पशुवैद्याच्या सल्ल्यानें आरंभीं महागडें द्रवरूप औषध दर किलोस १० एककांपर्यंत द्यावें; रक्तांतील प्रमाण वर आलें म्हणजे हळूहळू चूर्णावर यावें, आणि बदल केल्यानंतर कांहीं आठवड्यांनीं पुनः रक्त तपासावें. महाग औषध थोडा काळ आणि स्वस्त औषध दीर्घकाळ, अशी वांटणी केल्यास गरिबालाहि उपचार झेपतो. अशा उपचारानें कांहीं घोडे बऱ्याच अंशीं सुधारतात, कांहीं आहे त्या स्थितींत स्थिरावतात, आणि कांहीं हातचे जातात. सुधारलेल्या घोड्यालाहि पुनः जड ओझें किंवा स्वार देण्यापूर्वीं वैद्याचें मत घेतलें पाहिजे.

घेतलेलें औषध सांभाळणें हेंहि काटकसरींतच मोडतें. झांकण घट्ट लावून डबा उन्हापासून दूर ठेवावा. सहा महिने पुरेल एवढा मोठा डबा स्वस्त पडला तरी उघड्यावर त्याचा कस उतरतो. रोजची मात्रा हातानें अंदाजानें न घालतां मापानें घालावी, आणि पावसाळ्यांत घोडा चरूं लागल्यावर ती कमी करावी. माथेरानच्या तट्टवाल्याच्या घरची चूल त्या एका तट्टाच्या चार पायांवर पेटते. त्याच्यासाठीं रोजची एक हिरवी पेंढी, वर्षांतून एक रक्ततपासणी आणि वेष्टनावरील चार अक्षरें नीट वाचून घेतलेलें औषध, एवढी तजवीज त्या पायांना उभें ठेवण्यास बहुधा पुरेशी होते.